आबा गावाला गेलेले नाहीत, हे लेकीला कसं सांगायचं?

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मॅडम, सात आठवड्यांपूर्वी माझे सासरे गेले. मुलं त्यांना आबा म्हणायची. त्यांना बरीच वर्षं फुफ्फुसाचा त्रास होता. घरात नेब्युलायझर, ऑक्सिजनचं मशीन सगळं होतं. दोन दिवस ताप आला आणि एका रात्री धाप इतकी वाढली की मिरजेला न्यावं लागलं. बारा दिवस आयसीयूत होते, तिथंच गेले. मुलांना आम्ही लगेच माझ्या माहेरी इचलकरंजीला पाठवलं आणि तेराव्याचं गोड जेवण झाल्यावर आणलं. मुलगा आठ वर्षांचा आहे, मुलगी साडेचार. मुलाला 'आबा देवाघरी गेले' एवढं सांगितलं. त्यानंतर त्यानं एक प्रश्न विचारलेला नाही. मुलीला सांगितलं, आबा गावाला गेलेत. रोज संध्याकाळी पाचला आबा तिला मारुतीच्या देवळात आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायचे. ती अजूनही पाच वाजले की चपला घालून फाटकात उभी राहते. फोन लाव म्हणते. परवा बाहुलीला चादरीत गुंडाळून 'ही आता घरी येणार नाही' असं म्हणत होती, तर सासूबाई तिच्यावर ओरडल्या, असलं अभद्र खेळायचं नाही म्हणून. मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय आणि सकाळी पोट दुखतं म्हणून शाळा बुडवतो. धाकटीला खरं सांगावं का? सासूबाई म्हणतात, लहान आहे, विसरेल. आमच्या ह्यांनी आबांची खुर्ची, काठी, चष्मा सगळं माळ्यावर टाकलं, त्यांच्याशी हा विषयच काढता येत नाही. आणि एक राहिलंच. मुलानं त्याच्या आत्याला सांगितलं की 'मी घरात बॉल खेळत होतो म्हणून आबा ओरडले, ओरडल्यामुळे त्यांना खोकला आला आणि मग ते गेले.' मी म्हटलं, वेड्यासारखं काहीतरी बोलू नकोस.

– एक आई, सांगली जिल्हा

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. सगळ्या घरावर एवढं ओढवलेलं असताना तुम्ही दोन्ही मुलांकडे इतकं बारीक लक्ष ठेवून आहात, हे पत्र वाचताना सतत जाणवत होतं. तुम्ही विचारलंय धाकटीबद्दल. तिच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. पण जे तुम्ही 'एक राहिलंच' म्हणून शेवटी लिहिलंत, ते आधी घेऊ या, कारण माझ्या मते घरात सगळ्यांत जास्त ओझं सध्या तुमच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर आहे.

आपल्यामुळे आबा गेले, असं त्याला वाटतंय. सात आठवडे तो हे मनात घेऊन शाळेत जातोय, जेवतोय, झोपतोय. या वयातली मुलं दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की पहिलीमुळे दुसरी झाली असं सहज धरून चालतात. मी रागावलो, मी मनात वाईट बोललो, मी ऐकलं नाही, आणि म्हणून हे झालं. मोठी माणसं काहीच बोलत नसली की मूल स्वतःच कारण शोधतं, आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणून स्वतःलाच पुढे करतं. प्रश्न न विचारणारं मूल 'सावरलंय' असं आपल्याला वाटतं. अनेकदा ते उत्तराला घाबरत असतं.

तुम्ही 'वेड्यासारखं बोलू नकोस' म्हणालात ते त्याला धीर द्यायलाच, हे मला कळतं. पण त्याच्या कानावर एवढंच पडलं की हे बोलायचं नाही. म्हणून हा विषय तुम्हीच पुन्हा काढा. दोघंच असाल तेव्हा, शक्यतो हातात काहीतरी काम असताना, म्हणजे शेंगा सोलताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना. समोरासमोर बसवून बोललं की मुलं आक्रसून जातात. त्याला म्हणा, "त्या दिवशी तू आत्याला बॉलचं सांगितलंस ना, मी नीट ऐकलंच नाही. आता सांग बघू, त्या दिवशी काय काय झालं?" आणि मग पूर्ण ऐका. मध्येच 'नाही रे बाळा' म्हणून तोडू नका. त्याला रडू आलं तर येऊ द्या.

त्याचं सांगून झालं की खरं काय झालं ते सांगा, कारणासकट. तुमच्या पत्रात ते कारण आहेच. आबांना आधी दोन दिवस ताप होता. म्हणजे बॉलच्या आधीपासून ते आजारी होते. काहीसं असं सांगता येईल: "आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन फुफ्फुसं रक्तात पोचवतात. आबांची फुफ्फुसं खूप वर्षांपासून आजारी होती, तू जन्मायच्या आधीपासून. म्हणून तर ते मशीन लावायचे. या वेळी तापाबरोबर छातीतलं इन्फेक्शन वाढलं, आणि डॉक्टरांनी खूप औषधं देऊनही फुफ्फुसांना काम करता आलं नाही. बॉल खेळल्यामुळे कुणी मरत नाही. कुणावर ओरडल्यामुळेही मरत नाही. तू बॉल खेळला नसतास तरी हे असंच झालं असतं." यातलं 'तू जन्मायच्या आधीपासून' तुमच्या बाबतीत खरं असेल तरच म्हणा, नाहीतर जे खरं असेल ते सांगा. हे एकदा सांगून भागणार नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा, त्याच्या मनात आता काय आहे ते.

आणखी एक करता येईल. आबांवर उपचार करणारे तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील, तर मुलाला घेऊन पाच मिनिटं त्यांच्याकडे जा. त्यांना आधी फोन करून कल्पना द्या, आणि मुलाला त्याच्या तोंडानं विचारू द्या. आई समजूत घालायला काहीही सांगेल, असं मुलांना वाटू शकतं. डॉक्टरांचं ते खरं मानतात. अंथरूण आणि पोटदुखीसाठीही डॉक्टरांकडे जायचंच आहे, त्यामुळे एका फेरीत दोन्ही होईल. अंथरूण ओलं होण्यामागे लघवीचं इन्फेक्शन नाही ना, हे एकदा तपासलेलं बरं. ते नसेल तर हा बहुधा ताणाचा परिणाम आहे आणि तो ओसरतो. तोपर्यंत गादीवर रबरी कापड घाला, सकाळी गाजावाजा न करता चादर बदला, आणि बहिणीसमोर किंवा पाहुण्यांसमोर विषय नको. पोटही खरंच दुखतं, तो बहाणा करत नाही. शाळेत वर्गशिक्षिकेला घरात काय झालंय ते सांगून ठेवा. पोट दुखलं तर थोडा वेळ बसून परत वर्गात येऊ द्यायचं, घरी पाठवायचं नाही, एवढं त्यांच्याशी ठरवा. शाळा सुटत गेली की परत जाणं जड होतं.

आता धाकटी.

हो, तिला खरं सांगायचं. 'गावाला गेलेत' हे वाक्य तिच्या दृष्टीनं अर्धवट राहिलंय, कारण गावाला गेलेलं माणूस परत येतं. ती फाटकात उभी राहते याचा अर्थ तिनं तुमच्यावर विश्वास ठेवलाय. आणि रोज कुणीच येत नाही, तेव्हा तिच्या मनात काय येत असेल? आबांना माझ्याकडे यावंसंच वाटत नाही. निधनापेक्षा हे तिला जास्त लागेल. शिवाय बाहुलीच्या खेळात ती 'ही आता घरी येणार नाही' म्हणतेय. म्हणजे कुजबुज तिच्या कानावर गेलेली आहे. तिला अर्धं माहीत आहे आणि ते बोलायला घरात कुणी नाही.

सासूबाई म्हणतात तसं ती विसरेल का? चेहरा, आवाज कदाचित पुसट होईल, साडेचार वर्षांचं मूल आहे. पण तिची वाट बघणं तेवढ्यानं संपणार नाही. आणि कधीतरी शाळेत किंवा अंगणात एखादं मूल तिला 'तुझे आबा मेलेत' असं सांगणारच आहे. ते तुमच्याकडून कळलेलं बरं.

या वयात मरणाची समज कुठवर असते, हे आधी माहीत असू द्या, म्हणजे तिच्या प्रतिक्रियेनं तुम्ही दचकणार नाही. 1948 साली मारिया नॉज या संशोधिकेनं हंगेरीतल्या 3 ते 10 वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पाचाच्या आतली मुलं मरण कायमचं आहे असं मानत नाहीत. माणूस कुठंतरी गेलाय, तिथं राहतोय, असं त्यांना वाटतं. पुढे 1984 मध्ये स्पीस आणि ब्रेंट या अमेरिकन अभ्यासकांनी तोवरचं संशोधन एकत्र तपासून तीन गोष्टी मांडल्या: मेलेलं परत येत नाही, मेल्यावर शरीराचं सगळं काम थांबतं, आणि सगळेच कधीतरी मरतात. बहुतेक मुलांना हे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतं. तुमची लेक त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहे. म्हणजे तुम्ही सांगितलंत तरी ती दुसऱ्या दिवशी विचारेल, "मग रविवारी येतील?" तुमचं सांगणं चुकलं असं तेव्हा समजू नका. तेच उत्तर त्याच शब्दांत पुन्हा द्या. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा.

सांगायचं कुणी? माझ्या मते तिच्या बाबांनी, तुम्ही शेजारी बसून. त्यांचे वडील गेलेत. घरात सगळ्यांत गप्प तेच आहेत आणि दोन्ही मुलं त्यांच्याकडे बघून गप्प राहायला शिकतायत. त्यांना अगदीच जमणार नसेल तर तुम्ही बोला, पण ते तिथं असू देत, लेक त्यांच्या मांडीवर असू दे. वेळ सकाळची, सुट्टीच्या दिवसाची, पोटभर खाणं झाल्यावरची. झोपताना नको, शाळेला निघताना तर नकोच.

शब्द साधे हवेत आणि 'मेले' हा शब्द त्यात हवा. तो आपल्या तोंडातून निघत नाही. आपण 'गेले', 'वारले' म्हणतो, आणि मोठ्यांमध्ये ते योग्यच आहे. पण बाबा ऑफिसला जातात, काकू बाजारात जाते, तसे आबा 'गेले' असं तिनं धरलं तर तिची काय चूक? असं सांगून बघा:

"आम्ही तुला सांगितलं होतं की आबा गावाला गेलेत. ते खरं नव्हतं. आम्हाला खूप रडू येत होतं आणि तुला कसं सांगावं ते कळत नव्हतं. आबा खूप खूप आजारी होते आणि दवाखान्यात ते मेले. मेले म्हणजे त्यांचं शरीर बंद झालं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही. ते परत येऊ शकत नाहीत. त्यांना तुझ्याकडे यायला खूप आवडलं असतं, पण मेलेलं माणूस परत येऊ शकत नाही."

एवढं पुरे. मग थांबा. ती कदाचित रडेल. कदाचित "मला बिस्कीट दे" म्हणेल आणि खेळायला पळेल. तिला काही वाटलं नाही असं समजू नका. लहान मुलं एका वेळी थोडंच दुःख अंगावर घेतात, मग खेळतात आणि पुन्हा येऊन विचारतात. तो प्रश्न भलत्याच वेळी येईल, म्हणजे तुम्ही गॅसवर दूध ठेवलेलं असताना किंवा रिक्षात. तेव्हाही 'नंतर सांगते' म्हणू नका. दोन वाक्यांत का होईना, उत्तर द्या.

आपल्याकडे मुलांना जे सांगायची पद्धत आहे, त्यातली काही वाक्यं मला खरोखर धोक्याची वाटतात. 'आबा झोपलेत' म्हटलं की मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. नुसतं 'आजारी होते म्हणून गेले' म्हटलं की पुढच्या वेळी आईला सर्दी झाली तरी त्याचा जीव खालीवर होतो. म्हणून 'खूप खूप आजारी', 'असा आजार साध्या सर्दी-तापासारखा नसतो' हे जोडून सांगायचं. 'देवाला चांगली माणसं आवडतात' म्हटलं की मूल देवावर चिडतं, किंवा घरातलं पुढचं चांगलं माणूस कोण हे मोजत बसतं. आणि 'आबा वरून बघतायत हं, अभ्यास कर' हे तर कुणालाही म्हणू देऊ नका, पाहुण्यांनाही नाही. ज्या आबांनी तिला रोज बोट धरून देवळात नेलं, त्यांच्या नावानं तिला धाक कशाला?

सासूबाईंची श्रद्धा असेल की ते देवाजवळ आहेत, तर ते मुलांना जरूर सांगू दे. फक्त क्रम असा ठेवा की आधी शरीर बंद झाल्याची गोष्ट, मग श्रद्धेची. "आबांचं शरीर आता नाही. आणि आजी मानते की ते देवाजवळ आहेत." दोन्ही गोष्टी मुलांच्या मनात शेजारी शेजारी नांदतात. देवाच्या घरी कुठल्या बसनं जायचं असं तिनं विचारलं, तर तिथं कुणाला जाता येत नाही, हे स्पष्ट सांगा.

'आई, तू पण मरशील?' हा प्रश्न येणारच. 'छे, मी कधीच मरणार नाही' म्हणायचा मोह होईल. त्याऐवजी असं सांगा: "सगळी माणसं कधी ना कधी मरतात. पण मी आत्ता तंदुरुस्त आहे, आणि तू मोठी होईपर्यंत, खूप खूप वर्षं, मी तुझ्याजवळ असेन असं मला वाटतं. आणि तुझी काळजी घ्यायला बाबा आहेत, आजी आहे, आत्या आहे, मामा आहे." नावं एकेक करून घ्या. आपल्याला सांभाळणारं कुणीतरी आहे ना, एवढंच मूल या प्रश्नातून विचारत असतं.

बाहुलीचा खेळ थांबवू नका. मोठ्या माणसाला जे बोलून हलकं करता येतं, ते ती खेळून करतेय. सासूबाईंना ते बघवलं नाही, साहजिक आहे. चादरीत गुंडाळलेली बाहुली बघून त्यांना काय आठवलं असेल. त्यांच्यासमोर नको असेल तर आतल्या खोलीत खेळू दे, तुम्ही शेजारी बसा आणि विचारा, "काय झालंय हिला? तिच्या जवळ कोण आहे?" खेळ कसा व्हावा ते मात्र तिच्यावर सोडा. काही आठवड्यांत तो बदलतो. खेळताना ती दरवेळी घाबरीघुबरी होत असेल आणि दोन-तीन महिन्यांनीही तसूभर बदल नसेल, तर त्याकडे बघायला हवं.

संध्याकाळच्या पाचबद्दल मला थोडं जास्त सांगायचंय. ती वेळ मोकळी सोडू नका, आणि तेव्हा टीव्ही लावून तिला गुंतवूही नका. घरातल्या एकानं रोज पाचला तिच्याबरोबर निघायचं. तोच रस्ता, तोच मारुती, तेच दुकान. पहिल्या दिवशी जायच्या आधी दुकानदाराला गाठून सांगा की तिला आता माहीत आहे. नाहीतर तो बिचारा मायेनं विचारेल, "काय गं, आबा कुठायत?" आणि तुम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहाल. त्याला सांगा, तिचं नाव घेऊन हाक मारा आणि आबा जे घेऊन द्यायचे तेच द्या. सुरुवातीला तिच्याबरोबर कोण जाणार? शक्य असेल त्या दिवशी सासूबाईंनी जावं असं मला वाटतं. त्यांनाही पाच वाजता घर खायला उठत असणार. वाटेत आबा कुठं थांबायचे, कुणाशी बोलायचे, देवळात कुठल्या पायरीवर बसायचे, हे लेकीला आजीपेक्षा जास्त माहीत आहे. ती सांगेल, आजी ऐकेल. आबांबद्दल कुणाला तरी काही सांगायची संधी तिला आजवर मिळालेलीच नाही.

सासूबाईंशी बोलताना 'मुलांसमोर रडा' असं सरळ म्हटलं तर त्यांना ते विचित्र वाटेल. मुलं आली की त्या पदरानं डोळे पुसून हसतात, असंच होत असेल. त्यांना एवढंच सांगा की नातवानं 'आजी, रडतेस?' विचारलं तर 'डोळ्यात काहीतरी गेलं' म्हणू नका, 'आबांची आठवण आली' म्हणा. मग त्याच आजी उठून भाकरी थापायला लागतात, हेही मुलं बघतात. रडू येतं आणि थांबतं, हे त्यांना असंच कळतं. सारखा हंबरडा, शुद्ध हरपणं असलं काही असेल तर मात्र त्या वेळी मुलांना कुणीतरी बाहेर न्यावं.

तुमच्या यजमानांबद्दल मी त्यांना ओळखत नसताना जास्त बोलू नये. पण वडिलांची खुर्ची नजरेसमोर नको म्हणून माळ्यावर टाकणाऱ्या माणसाला दुःख नसतं असं नाही, बहुतेक उलटंच असतं. त्यांना 'बोला' म्हणू नका. 'मला माळ्यावरून आबांचं सामान काढायला मदत करा, मुलांना एकेक वस्तू द्यायची आहे' असं म्हणा. काम दिलं की अशी माणसं हळूहळू मोकळी होतात. थोरल्याला निवडू द्या, त्याला काय हवं ते. चष्म्याची डबी असेल, रेडिओ असेल, जुनं घड्याळ असेल. धाकटीनं काठी मागितली तर काठी द्या, मग ती दिवसभर घरात ठक ठक करत फिरली तरी चालेल. खुर्ची जागेवर परत ठेवायची की नाही हे सासूबाईंना विचारून ठरवा. आणि बाबांनी मुलाला त्यांच्या लहानपणीच्या आबांची एक तरी गोष्ट सांगावी. आबा त्यांच्यावर ओरडले होते ती सांगितली तर फारच छान. आबा ओरडायचे आणि तरी प्रेम करायचे, हे थोरल्याला त्याच्या बाबांच्या तोंडून ऐकायची आत्ता फार गरज आहे.

मुलांना माहेरी पाठवलंत याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या धावपळीत अनेक घरांत हेच होतं. माझं मत म्हणाल तर पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला आधी विचारावं, आबांना शेवटचं बघायचंय का. हो म्हणालं तर तिथं काय दिसेल ते आधी सांगून, एका माणसानं सगळा वेळ हात धरून दर्शनाला न्यावं. नको म्हणालं तर आग्रह नको. जे राहून गेलं त्यातलं थोडं पुढे करता येईल. वर्षश्राद्धाला थोरल्याला पान वाढायला, कावळ्याला घास ठेवायला घ्या. 'कावळा म्हणजे आबा का?' असं तो विचारेल. तुमच्या घरात जे मानतात ते सांगा, आणि आपण त्यांची आठवण म्हणून हे करतो, हेही सांगा. तोवर थांबायचं नसेल तर एखाद्या रविवारी आबांच्या आवडीचं जेवण करा आणि पहिलं पान त्यांच्या नावानं काढा. मुलांना चित्र काढायचं असेल, चिठ्ठी लिहायची असेल तर तीही फोटोपाशी ठेवू द्या.

दिवाळी जवळ येते आहे. यंदा घरात तळण होणार नाही, नातेवाईक फराळ आणून देतील, कंदीलही कदाचित लागणार नाही. मोठ्यांनी हे आपसात ठरवून टाकू नये. मुलांना आधी सांगावं की या वर्षी असं का, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळं होईल. नाहीतर धाकटीला ती शिक्षा वाटेल. तुमच्याकडे चालत असेल तर आबांच्या फोटोपाशी रोज संध्याकाळी एक पणती लावायचं काम दोघांकडे द्या, एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा. शेजारच्या मुलांबरोबर फुलबाज्या उडवाव्याशा वाटल्या, हसू आलं, तर 'घरात असं झालंय आणि तुला खेळ सुचतो' हे कुणीही बोलणार नाही, याची काळजी तुम्ही घ्या.

बहुतेक मुलं घरच्यांच्या आधारानं सावरतात. तरीही मुलगा नीट जेवत-झोपत नसेल, शाळा सुटतच असेल, 'माझ्यामुळेच झालं' हे तुम्ही आणि डॉक्टरांनी समजावूनही सुटत नसेल, तर महिनाभर वाट बघून शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा बालसमुपदेशकाकडे न्या. 'मला आबांकडे जायचंय' असं कुणी म्हणालं तर ओरडू नका, घाबरूनही जाऊ नका. शांतपणे विचारा, म्हणजे काय करायचंय? साडेचार वर्षांच्या मुलीला बहुधा फक्त भेटायचं असतं. आठ वर्षांचा मुलगा पुन्हा पुन्हा म्हणाला, किंवा स्वतःला इजा करायचं बोलला, तर त्याच दिवशी मदत घ्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मुलांसाठीच नव्हे, सासूबाईंसाठी किंवा यजमानांसाठीही करता येईल, आणि रात्री तुम्हाला झोप येत नसेल तर तुमच्या स्वतःसाठीही.

दिवाळीनंतर दोन ओळी नक्की लिहा. थोरल्याची पोटदुखी कशी आहे आणि डॉक्टरांना त्यानं काय विचारलं, ते कळवा.

तुमची,
सल्लागार ताई